पाच जणांची एकच पावती

आमच्या केबिनमध्ये खिळ्याला एक तार लटकवलेली आहे. दिवसभराच्या पावत्यांच्या प्रती तिला टोचायच्या. संध्याकाळी एवढा गठ्ठा होतो की एका दिवसात इतक्या गाड्या येऊन गेल्या यावर विश्वास बसत नाही. आमच्या पळण्याच्या ग्रुपचे किस्सेही असेच साचले. मी बोलण्यात कच्चा आहे, शाळा नववीत सोडली, म्हणून लिहून सांगतो. यातल्या बऱ्याच गोष्टींनी मी हादरलो होतो. एका गोष्टीने अजून हादरलेला आहे.

नागपूरच्या कळमना मार्केटच्या गेटबाहेर जो धर्मकाटा आहे, तिथे मी काम करतो. धर्मकाटा म्हणजे ट्रक तोलायचा काटा. जमिनीवर लोखंडी प्लेट, तिच्यावर अख्खा ट्रक उभा राहतो आणि बाहेरच्या बोर्डावर लाल आकडे येतात. आकडा दहा-दहा किलोनेच बदलतो. कामावर ठेवताना मालकाने एकच नियम सांगितला होता, "बोर्डावर दिसन तेच लिहायचं. तुह्या बापाची गाडी असली तरी."

* * *

सुरुवात बोरकर सरांनी केली. ते नंदनवनला राहतात. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता रिटायर आहेत. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून पहाटे मार्केटच्या आतल्या रुंद रस्त्यांवर यायला लागले. गेटवर चहा-पोह्याची गाडी लावणाऱ्या निर्मलाताई त्यांच्यासोबत निघाल्या, कारण उभं राहून राहून त्यांची कंबर धरली होती. मग संत्र्याचे अडते गुड्डूभाऊ आले. केबिनच्या तीन पायऱ्या चढताना त्यांना दोनदा थांबावं लागायचं. मला कोणी विचारलं नाही. निर्मलाताई म्हणाल्या, "मंगेश, चाल," आणि मी गेलो.

सरांनी सीताबर्डीवरून काचेचा वजनकाटा आणला. गुड्डूभाऊ त्याच्यापासून चार पावलं लांब उभे राहिले.

"सर, काच फुटन."

"नाही फुटत हो. दीडशे किलोपर्यंत चालतो."

"म्हणूनच म्हणून राहिलो."

निर्मलाताईही तयार नव्हत्या. "मी चार माणसाईसमोर वजन करू? माह्या नवऱ्याले नाही माहीत अजून."

तेव्हा गुड्डूभाऊंची नजर आमच्या प्लेटवर गेली. "सगळे मिळून यावर चढू. कोणाचं किती, कोणाले समजाचं कामच नाही."

आम्ही चौघं चढलो. बोर्डावर आलं तीनशे दहा. मी केबिनमध्ये जाऊन कोऱ्या पावतीवर हाताने लिहिलं आणि परत प्लेटवर आलो.

तेवढ्यात शेंडेभाऊ आले. ते हमालांचे मुकादम. तीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेला माणूस, मान बैलासारखी. आम्हाला प्लेटवर उभं पाहून म्हणाले, "कोणता माल तोलून राहिले गा?"

सर म्हणाले, "आम्ही सगळे वजन कमी करणार आहोत."

शेंडेभाऊ हसले, आणि चपला काढून तेही प्लेटवर चढले. बोर्डावर आलं तीनशे नव्वद.

"घ्या. आता करा कमी. मी बी पाहतो."

अशी त्या दिवशी दोन पावत्या झाल्या. मी दोन्ही तारेला टोचल्या. वजाबाकी कोणीही केली नाही. त्या दिवसापासून नियम झाला. दर रविवारी सकाळी सातला पाचही जण प्लेटवर. एक जरी कमी असला तरी पावती नाही. हा नियम शेंडेभाऊंचा. "माल पुरा पाहिजे," असं ते म्हणायचे.

* * *

शेंडेभाऊंना पळता येत नव्हतं. त्यांच्या अंगात जोर आमच्या चौघांएवढा होता, पण सरळ उभे राहिले की त्यांचे पाय जागचे हलायचे नाहीत.

"पाठ रिकामी हाय," ते म्हणाले. "पाय उचलाव कशाले?"

सरांनी एका पोत्यात दहा किलो कोंडा भरून त्यांच्या पाठीवर दिला. त्यानंतर जे झालं ते पाहून आम्ही जागेवर थांबलो. शेंडेभाऊ पोतं घेऊन सुटले ते थेट धान्याच्या शेडपर्यंत जाऊन परत आले. आम्ही अजून अर्ध्यातच होतो.

शहरात पाच किलोमीटरची एक दौड होती. आम्ही पाचही जणांनी नाव दिलं. शेंडेभाऊ पोतं घेऊन आले. गेटवरच्या सिक्युरिटीने ते उघडायला लावलं, हात घालून कोंडा बाहेर काढला आणि शेंडेभाऊंकडे पाहिलं.

"ये क्या है?"

"वजन."

"किसका?"

"माझंच."

पोतं बाहेर ठेवावं लागलं. शेंडेभाऊ पळाले, पण वाकून, दोन्ही हात मागे खांद्यांवर घेऊन, नसलेलं पोतं धरून. शेवटच्या रेषेवरचा त्यांचा फोटो निर्मलाताईंच्या गाडीवर लावलेला आहे. पोहे खायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "यानं काय उचललं हाय?"

* * *

गुड्डूभाऊंना वेळ नसतो. संत्र्याच्या सीझनमध्ये पहाटेपासून गाड्या लागतात, लिलाव सुरू होतात, फोन वाजत राहतो. ते पळतानाही फोनवर बोलतात, आणि समोरच्या माणसाला वाटतं की भाऊ रडत आहेत.

सरांनी त्यांना सांगितलं, "वेगळा वेळ काढूच नका. आहे तिथे स्ट्रेचिंग करा."

एका सकाळी लिलावाच्या शेडजवळ गुड्डूभाऊंनी डावा हात वर ताणला, मग उजवा. सरांनी शिकवलं होतं तसं दोन्ही हात वर करून ते दहापर्यंत मोजत थांबले. डोळे मिटलेले. डोळे उघडले तेव्हा शेजारच्या अडत्याची मोसंबीची अख्खी गाडी त्यांच्या नावावर झाली होती.

"मी बोली लावलीच नाही!"

"भाऊ, तुम्ही तर दोन्ही हात वर केले होते. एवढी हौस मी आजवर कोणाची पाहिली नाही."

आठवडाभर आम्ही सगळे मोसंबी खात होतो. तेव्हापासून गुड्डूभाऊ स्ट्रेचिंग माझ्या केबिनमागे, भिंतीकडे तोंड करून करतात. पण करतात, एक दिवस चुकवत नाहीत.

* * *

सरांचा मुलगा पुण्याला असतो. त्याने वडिलांना घड्याळ पाठवलं. त्यात पावलं मोजली जातात आणि आकडा तिकडे मुलाच्या मोबाइलवर दिसतो. रोज आठ हजार व्हायला पाहिजेत, नाही तर रात्री फोन यायचा.

पावसात सरांचा घोटा मुरगळला. डॉक्टरांनी दहा दिवस पाय टेकू नका म्हणून सांगितलं. मुलाला कळलं तर तो काळजी करेल, म्हणून सरांनी घड्याळ शेंडेभाऊंच्या मनगटाला बांधलं आणि स्वतः निर्मलाताईंच्या बाकड्यावर पेपर वाचत बसले.

त्या दिवशी तुरीचे चार ट्रक रिकामे झाले. संध्याकाळी मुलाचा फोन आला. आवाज एवढा मोठा होता की बाकड्यावर सगळ्यांना ऐकू आलं.

"बाबा, एकेचाळीस हजार? बाबा, तुम्ही कुठे आहात?"

"घरीच आहे रे."

"हार्ट रेट दीडशेच्या वर होता चार तास! बाबा, खरं सांगा, तुम्हाला कोणी पळवून नेलं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसने नागपुरात हजर. वडील बाकड्यावर पाय वर घेऊन पोहे खात होते. त्याने आधी वडिलांकडे पाहिलं, मग पोतं घेऊन समोरून जाणाऱ्या शेंडेभाऊंच्या मनगटाकडे. खाली बसला. निर्मलाताईंनी त्याला पाणी दिलं.

* * *

माझा गुडघा गेला तो माझ्या चुकीने. सरांनी हळूहळू वाढव म्हटलं होतं, मी एका आठवड्यात दुप्पट पळालो. मग पायऱ्या उतरतानासुद्धा कळ यायची. मी जाणं बंद केलं. कोणाला सांगितलं नाही. केबिनमध्ये बसून ते चौघं समोरून जाताना दिसले की मी वही उघडून मान खाली घालायचो.

पहिल्या रविवारी मी प्लेटवर गेलो नाही. शेंडेभाऊंनी पावती लिहू दिली नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी निर्मलाताई चहा घेऊन केबिनमध्ये आल्या.

"काहून रे, वजन तुया पायाचं करून राहिलो का आम्ही?"

"गुडघा दुखते, ताई."

"पळू नोको. उभा तर राहशीन? चाल, चौघं खोळंबले."

मी जाऊन उभा राहिलो. त्याच दिवशी गुड्डूभाऊंनी दुकानातलं दोन किलोचं जुनं माप आणून दिलं. गुडघा दाखवला तेव्हा फिजिओ मॅडमने सांगितलं होतं की खुर्चीवर बसून पायाला वजन बांधायचं आणि पाय सरळ करायचा. मी पट्ट्याने माप बांधलं आणि एक हिशेब ठरवला. प्रत्येक ट्रकमागे पंधरा वेळा. सोयाबीनच्या दिवसांत एवढे ट्रक आले की गुडघा दीड महिन्यात बरा झाला. मग पाच किलोचं माप आलं. दोन्ही मापं अजून माझ्या खुर्चीखाली असतात. खिडकीतून पावती घेणारे ड्रायव्हर आत डोकावतात आणि माझा पाय वर-खाली होताना पाहून पावती न तपासताच निघून जातात.

* * *

आता खिळ्याचा किस्सा. हा आम्ही सगळ्यांना सांगायचो.

एका सकाळी पाच किलोमीटर झाले, आणि शेंडेभाऊ बाकड्यावर बसून बूट काढायला लागले. मोजा लाल झाला होता. बूट उलटा केला तर तळातून आत आलेला खिळा, बोटाच्या पेराएवढा. संत्र्यांच्या पेट्यांना मारतात तो.

"भाऊ, दुखलं नाही?" मी विचारलं.

"काय दुखते एवढ्यानं?"

गुड्डूभाऊंनी तो खिळा हातात धरून सगळ्या हमालांना दाखवला. "पाहा बे, याले म्हणते हिंमत! आणि तुम्ही सर्दी झाली का सुट्टी मागता." निर्मलाताईंनी शेंडेभाऊंना बक्षीस म्हणून डबल साखरेचा चहा दिला. त्या दिवसापासून रोजच द्यायला लागल्या. मीही घरी जाऊन आईला तो किस्सा सांगितला. आई म्हणाली, "असा कसा माणूस?" मी म्हणालो, "आहेच तसे आमचे शेंडेभाऊ."

आज तो किस्सा कोणी सांगत नाही.

* * *

वजन मात्र उतरत होतं. तीनशे ऐंशी, तीनशे सत्तर. एका रविवारी बोर्डावर तीनशे साठ आलं आणि सगळे ओरडले. वर्षभरात तीस किलो! गुड्डूभाऊ स्वतःच्या पोटावर हात फिरवत म्हणाले, "यातले वीस तरी माहे असन." निर्मलाताई म्हणाल्या, "स्वप्नात." सरांनी मोबाइल काढून सगळ्यांना जवळ बोलावलं.

शेंडेभाऊ तेवढ्यात उतरून नळाकडे गेले. हल्ली ते सारखे पाणी प्यायचे. आम्ही म्हणायचो, पळतात म्हणून तहान लागते.

बाकीचे फोटोसाठी दाटीवाटीने उभे होते. माझी नजर सवयीने बोर्डावर गेली. आम्ही चौघं प्लेटवर, आणि आकडा होता तीनशे.

मी दिवसभर वजाबाक्याच करतो. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक म्हणजे माल. डोकं आपोआप चालतं. तीनशे साठ वजा तीनशे. साठ. मग तारेला टोचलेल्या पहिल्या दिवशीच्या दोन पावत्या आठवल्या. तीनशे नव्वद वजा तीनशे दहा. ऐंशी.

आम्ही चौघांनी मिळून दहा किलो घालवले होते. बाकीचे वीस एकट्या शेंडेभाऊंचे होते.

मी नळाकडे पाहिलं. ते ओंजळीने पाणी पीत होते. पँट कमरेला सुतळीने बांधली होती. रोज पाहत होतो ती सुतळी.

सांगायचं कसं ते मला कळेना. दोन दिवस मी शब्द जुळवत राहिलो. ते समोर आले की "राम राम भाऊ" एवढंच निघायचं. शेवटी मी मला येतं ते केलं. पावती लिहिली.

भरताना ऐंशी. उतरवताना साठ. घट वीस.

मार्केटमध्ये घट हा शब्द मुकादमाला झोपेतून उठवतो. माल वाटेत कमी झाला की पहिला प्रश्न त्यालाच विचारतात. शेंडेभाऊंनी पावती लांब धरून वाचली.

"ऐंशी किलोच्या मालात वीसची घट? कोणाची गाडी हाय?"

मी त्यांच्याकडे बोट केलं.

त्यांनी पावती पुन्हा एकदा वाचली. मग केबिनच्या पायरीवर बसले.

"पोतं कुठी फाटलं म्हणतो तू?"

"मले माहीत नाही, भाऊ. तो खिळा... तुमाले खरंच दुखला नव्हता?"

त्यांनी बूट काढला. मोजा काढला. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं, आणि त्यांनी ते दाबून दाखवलं, जसं कोणी दुसऱ्याचं बोट दाबावं.

"काहीच समजत नाही," ते म्हणाले. "लय दिवसाचं."

* * *

त्याच दिवशी आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. शुगर किती निघाली तो आकडा सरांनी दोनदा वाचला. डॉक्टरांनी ते एक बोट काढलं. म्हणाले, पाय वाचला, पण अजून पंधरा दिवस गेले असते तर मी हे म्हणू शकलो नसतो. निर्मलाताई दवाखान्याच्या बाहेर उभ्या राहून स्वतःलाच बोलत होत्या, "डबल साखर. मी माह्या हातानं डबल साखर दिली." गुड्डूभाऊंनी पहिल्यांदा फोन बंद केला होता.

जखम भरली. गोळ्या लागू पडल्या. डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली, खास बूट घालून, रोज पाय तपासून. पण शेंडेभाऊ आले नाहीत. आम्ही घरी गेलो.

"माही गाडी खाली झाली," ते भिंतीकडे पाहत म्हणाले. "मुकादम असून ज्याले पोतं उचलता येत नाही, त्यानं मार्केटात तोंड कशाले दाखवाव?"

सर म्हणाले, "भाऊ, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे. नाही चाललात तर साखर पुन्हा वाढेल. वाचलेला पायही जाईल."

"चालून काय झालं? चालून चालूनच तर घटलो."

निर्मलाताईंनी खूप समजावलं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "एक रविवार येईन. आकडा तीनशे साठच्या वर गेला तर दुसऱ्या दिवसापासून चालीन. नाही गेला तर पुन्हा बोलवाले याचं नाही."

आकडा वर जावा म्हणून आम्ही देवाला नवस बोलायचे तेवढे राहिलो होतो. वर्षभर तो खाली आणायला पळालेली माणसं!

तो रविवार आला. गुड्डूभाऊंनी शेंडेभाऊंना गाडीतून आणलं, प्लास्टिकची खुर्ची प्लेटवर ठेवली आणि बसवलं. आम्ही चौघं आजूबाजूला उभे राहिलो. आकडा हलला आणि थांबला. तीनशे सत्तर.

निर्मलाताईंनी टाळी वाजवली. शेंडेभाऊंनी हात वर केला.

"खुर्चीचा बारदाना कापला का?"

बारदाना म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन. ते मालातून वजा करतात. तीस वर्षांत शेंडेभाऊंनी ते कधी सोडलं नव्हतं. ते सरांचा खांदा धरून उठले आणि काठीने खुर्ची प्लेटच्या बाहेर ढकलली.

आकडा तीनशे साठवर गेला. सत्तरवर आला. पुन्हा साठवर गेला.

"हलू नका," सर हळूच म्हणाले.

आम्ही श्वाससुद्धा घेतला नाही. आकडा सत्तरवर आला आणि तिथेच थांबला.

"लिही गा मंगेश," शेंडेभाऊ म्हणाले.

मी केबिनमध्ये गेलो. पावतीबुक काढायला वाकलो, तर खुर्चीखाली नुसता पट्टा पडलेला. दोन किलोचं माप नव्हतं. पाच किलोचंही नव्हतं.

खिडकीतून पाहिलं. चौघंही अजून प्लेटवरच होते. गुड्डूभाऊंचे दोन्ही हात जॅकेटच्या आत होते, आणि थंडी अजिबात नव्हती. निर्मलाताईंनी खांद्यावरची पिशवी उतरवलेली नव्हती. सर झाडाकडे पाहत होते, आणि झाडावर काहीच नव्हतं. शेंडेभाऊंनी तिघांकडे एकेक करून पाहिलं. हा माणूस नुसतं पोतं पाहून किलोपर्यंत वजन सांगतो.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"झालं का लिहून? मले उद्या पाच वाजता उठाचं हाय."

मी मान खाली घातली. बोर्डावर दिसलं होतं तेच लिहिलं. तीनशे सत्तर.